चरित्रकाराचे चरित्र : चेन यिन्के यांची अखेरची वीस वर्षे

विद्वानाचे चरित्र लिहिणे ही वाङ्मयदृष्ट्या मोठी अडचणीची गोष्ट आहे. सेनापतीच्या आयुष्यात लढाया असतात, राजकीय पुढाऱ्याच्या आयुष्यात तुरुंगवास आणि सभा असतात. विद्वानाच्या आयुष्यात खोली, पुस्तके आणि हस्तलिखिते यांपलीकडे फारसे काही घडत नाही. त्यामुळे आपल्याकडील बहुतेक विद्वच्चरित्रे जन्म, शिक्षण, नोकरी, ग्रंथसूची आणि आठवणी या ठरीव चाकोरीतून जातात. चरित्रनायकाचे संशोधन आणि त्याचे जगणे यांचा सांधा कोठे जुळतो, हा खरा चरित्रविषयक प्रश्न त्यांत सहसा विचारला जात नाही. हा प्रश्न केंद्रस्थानी आणणारे एक चिनी चरित्र १९९५ च्या डिसेंबरमध्ये पेकिंगच्या सान्ल्येन प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केले. क्वांगचौ येथील लेखक लू च्येनतुंग यांचे ‘चेन यिन्के यांची अखेरची वीस वर्षे’ हे ते पुस्तक होय. लू हे व्यवसायाने इतिहासकार नव्हेत. असे असूनही एका अंध, वृद्ध आणि अत्यंत दुर्बोध लिहिणाऱ्या इतिहासपंडितावरचे त्यांचे हे पुस्तक त्या दशकात चीनमधील सुशिक्षित वाचकांनी मोठ्या प्रमाणावर वाचले. असे का झाले, आणि चरित्र या वाङ्मयप्रकाराच्या दृष्टीने त्यातून काय निष्पन्न होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम चरित्रनायकाविषयी. चेन यिन्के यांचा जन्म १८९० मध्ये चांगशा येथे झाला. त्यांचे आजोबा चेन पाओचन हे हूनान प्रांताचे सुभेदार. १८९८ च्या सुधारणा-चळवळीला त्यांनी साथ दिली आणि चळवळ चिरडली गेल्यावर त्यांना पदच्युत करण्यात आले. वडील चेन सान्ली हे जुन्या परंपरेतील मान्यवर कवी. जपान, जर्मनी, स्वित्झर्लंड, फ्रान्स, अमेरिका आणि पुन्हा जर्मनी असा चेन यांचा शिक्षणप्रवास १९२५ पर्यंत चालला. पण युरोप-अमेरिकेतील एकाही विद्यापीठाची पदवी त्यांनी घेतली नाही. पदवीसाठी एकाच विषयात अडकून पडणे त्यांना मानवले नाही. त्यांनी घेतल्या त्या भाषा. संस्कृत आणि पाली हा त्यांच्या अभ्यासाचा कणा होता. हार्वर्डला चार्ल्स लॅनमन आणि बर्लिनला हाइन्रिख ल्यूडर्स हे त्यांचे संस्कृतचे गुरू. येथे मराठी वाचकाने एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. चेन हे १९१९ ते १९२१ या काळात हार्वर्डला लॅनमन यांच्याजवळ शिकत होते, आणि १९१८ ते १९२२ या काळात धर्मानंद कोसंबी त्याच विद्यापीठात, लॅनमन यांच्याच ग्रंथमालेसाठी ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनाचे काम करीत होते. गोव्यातून निघालेला पालीचा पंडित आणि हूनानमध्ये जन्मलेला संस्कृतचा विद्यार्थी हे एकाच वेळी एकाच गावात एकाच वाङ्मयात बुडालेले होते.

या संस्कृताध्ययनाचे फळ चेन यांच्या पहिल्या कालखंडातील लेखनात दिसते. ‘पश्चिमयात्रे’तील वानरवीर स्वर्गात दंगा करतो, या कथेच्या मुळाशी इंद्रपदावर डोळा ठेवणाऱ्या मांधाता राजाची बौद्ध कथा आणि सेतू बांधणाऱ्या नलाची रामायणकथा यांचा संगम आहे, असे त्यांनी १९३० मध्ये मांडले. चिनी छंदःशास्त्रातील चार स्वरांचा सिद्धान्त पाचव्या शतकाच्या अखेरीस एकाएकी का अवतरला, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी उदात्त, अनुदात्त आणि स्वरित यांत शोधले. बौद्ध सूत्रांच्या पठणातून ही स्वरजाणीव चीनमध्ये आली असावी, असा त्यांचा तर्क होता. पुढील अभ्यासकांनी त्यावर रास्त आक्षेप घेतला, की वैदिक धर्तीच्या स्वरपठणाला विनयपिटकातच मनाई आहे. तर्क टिकला नाही तरी प्रश्न विचारण्याची रीत मात्र टिकली. त्यांच्या तासांना बसणारा एक विद्यार्थी, ची श्येनलिन, पुढे संस्कृतचा पंडित झाला आणि त्याने केलेले वाल्मीकिरामायणाचे संपूर्ण चिनी भाषांतर १९८० ते १९८४ या काळात प्रसिद्ध झाले.

१९२६ मध्ये चेन पेकिंगच्या त्सिंगह्वा येथील राष्ट्रविद्या संशोधनसंस्थेत दाखल झाले. वांग क्वोवेई आणि ल्यांग छीचाव हे तेथील त्यांचे ज्येष्ठ सहकारी. १९२७ च्या जूनमध्ये वांग यांनी उन्हाळी राजवाड्यातील तलावात देह टाकला. लोकांनी त्याचा अर्थ पदच्युत राजवंशावरील निष्ठा असा लावला. दोन वर्षांनी त्सिंगह्वाच्या आवारात जो स्मृतिशिलालेख उभारला गेला त्याचा मजकूर चेन यांनी लिहिला, आणि त्यात त्यांनी हा अर्थ नाकारला. वांग यांचे मरण एका व्यक्तीसाठी किंवा एका घराण्यासाठी नव्हते. आत्म्याचे स्वातंत्र्य आणि विचाराची मोकळीक यांवाचून विद्वानाला जगता येत नाही, हे सांगण्यासाठी होते, असा त्या लेखाचा आशय आहे. हा आशय ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे, कारण लू यांच्या पुस्तकाचा सारा डोलारा त्यावर उभा आहे.

नंतरची वर्षे हानीची. १९३७ मध्ये जपान्यांनी पेकिंग घेतले तेव्हा वृद्ध वडिलांनी अन्न आणि औषध नाकारून प्राण सोडला. चेन यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. शस्त्रक्रियेसाठी थांबणे म्हणजे शत्रूच्या अमलाखाली राहणे, म्हणून त्यांनी शस्त्रक्रिया टाळली आणि तो डोळा गेला. दक्षिणेकडे जाताना समासात टिपणे केलेली पुस्तके वाटेत चोरीस गेली. १९३९ मध्ये ऑक्सफर्डने प्राध्यापकपद दिले, पण युद्धामुळे हाँगकाँगच्या पुढे जाता आले नाही. १९४४ च्या हिवाळ्यात चेंग्तू येथे डावा डोळाही गेला. १९४९ च्या जानेवारीत ते क्वांगचौच्या लिंगनान विद्यापीठात आले. १९५२ मध्ये ते विद्यापीठ सुन यत्-सेन विद्यापीठात विलीन झाले आणि चेन तेथेच राहिले.

लू यांचे पुस्तक खऱ्या अर्थाने येथून पुढचे आहे. पन्नास-साठ वर्षांची विद्वत्तेची घडण त्यांनी थोडक्यात आटोपली आहे आणि अंधत्वानंतरच्या वीस वर्षांना सारी जागा दिली आहे. ही निवड मला धाडसाची वाटते. काही अंशी ती सदोषही वाटते, त्याविषयी पुढे.

१९५३ च्या अखेरीस विज्ञान अकादमीने मध्ययुगीन इतिहाससंस्थेचे संचालकपद चेन यांना देऊ केले. निमंत्रण घेऊन आला तो त्यांचाच लाडका विद्यार्थी, वांग च्येन. मधल्या काळात तो पक्षाचा सभासद झालेला होता आणि गुरूला पटवून आणू, असा त्याला विश्वास होता. चेन यांनी १ डिसेंबरला उत्तर तोंडी सांगितले आणि वांगने ते उतरवून घेतले. त्यांच्या दोन अटी होत्या : संस्थेला मार्क्सवाद-लेनिनवादाची आणि राजकीय पाठांची सक्ती नसावी, आणि माओ किंवा ल्यू शाओछी यांनी तसे लेखी द्यावे. आपण राजवटीचे विरोधक नाही, मार्क्सचा ‘भांडवल’ हा ग्रंथ स्वित्झर्लंडमध्ये असताना १९११ सालीच मुळातून वाचला आहे; पण निष्कर्ष आधी ठरवून संशोधन करता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वांग क्वोवेईंच्या शिलालेखात जे लिहिले तेच आजही आपले मत आहे, असेही त्यांनी सांगितले. पद अर्थातच स्वीकारले गेले नाही. हे उत्तर या चरित्रामुळे चीनभर सर्वपरिचित झाले. वांग च्येन पेकिंगला परतला आणि पुढे १९६६ च्या जूनमध्ये, सांस्कृतिक क्रांतीच्या पहिल्याच लाटेत, त्याने आत्महत्या केली. गुरूने त्याला त्या वेळी शिष्य मानण्यास नकार दिला होता, आणि गुरूचे सर्वांत निर्भय उद्गार जगाला मिळाले ते त्याच्याच हस्ताक्षरात. या योगायोगाकडे लू अधिक लक्ष देते तर बरे झाले असते.

येथे साधनांचा मुद्दा येतो. लू यांनी विद्यापीठाच्या आणि प्रांताच्या दप्तरखान्यातील कागद कसून पाहिले. या कागदांत अहवाल आहेत, टिपणे आहेत, कोणत्या प्राध्यापकाची वृत्ती कशी आहे याविषयीची अधिकाऱ्यांची मते आहेत. माणसावर नजर ठेवण्यासाठी जे कागद तयार झाले, तेच पुढे त्याच्या चरित्राचे साधन ठरले. मराठी इतिहाससंशोधकाला परपक्षाच्या कागदांतून सत्य काढण्याची सवय आहे. शत्रूच्या दप्तरात आपल्या माणसाचा आवाज अधिक स्पष्ट उमटतो, हा अनुभव आपणास नवा नाही. पण तेथे बखरकार आणि वकील दोनशे-तीनशे वर्षांपूर्वीचे असतात. येथे नोंदी लिहिणाऱ्यांची मुलेबाळे हयात होती. पुस्तकात उल्लेखिलेल्या एका दिवंगत विद्यापीठ-अधिकाऱ्याच्या कुटुंबीयांनी बदनामीचा दावा केला, निकाल लेखकाच्या विरुद्ध गेला आणि पुस्तक बरीच वर्षे पुन्हा निघाले नाही. सुधारित आवृत्ती २०१३ मध्ये आली.

चेन यांचा छळच छळ झाला, असे चित्र मात्र लू यांनी रंगवलेले नाही, हे त्यांच्या पदरी टाकले पाहिजे. दक्षिण चीनमधील वरिष्ठ पक्षनेते थाव जू यांनी या अंध पंडिताची जातीने काळजी घेतली. घरापुढे एक पांढरी पायवाट करवून घेतली, की अंधुक प्रकाशाची जाणीव तेवढी उरलेल्या डोळ्यांना तिचा पांढरेपणा जाणवावा आणि चालता यावे. १९६२ मध्ये स्नानगृहात पडून चेन यांचा पाय मोडला, तेव्हा तीन परिचारिका दिल्या गेल्या. दुष्काळाच्या वर्षांत त्यांना अन्नाची ददात पडू दिली नाही. दुसरीकडे १९५८ मध्ये ‘वर्तमानाला महत्त्व, भूतकाळाला दुय्यम स्थान’ या मोहिमेत त्यांच्यावर भित्तिपत्रकांतून टीका झाली आणि घराच्या वरच्या मजल्यावरील व्हरांड्यात चालणारे त्यांचे वर्ग त्यांनी कायमचे बंद केले. राज्यसंस्था एका हाताने सांभाळते आणि दुसऱ्या हाताने अपमान करते, आणि दोन्ही हात एकाच देहाचे आहेत, हे या चरित्राइतके ठसठशीतपणे मी अन्यत्र वाचलेले नाही. ती पांढरी पायवाट विद्यापीठाच्या आवारात जपून ठेवलेली आहे.

या वीस वर्षांत चेन यांनी केले काय? हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाला सर्वांत जवळचा. तांग राजवटीच्या राजकीय इतिहासाचा हा अधिकारी पुरुष अंध झाल्यावर दोन स्त्रियांकडे वळला. पहिली, ‘पुनर्जन्माचे बंध’ हे दीर्घ गेय आख्यान रचणारी अठराव्या शतकातील चेन त्वानशंग. दुसरी ल्यू रूश (१६१८–१६६४). लहानपणी विकली गेलेली, गणिका म्हणून वाढलेली, आणि आपल्या काळातील उत्तम कवयित्री. १६४० मध्ये पुरुषवेष धारण करून ती छ्येन छ्येनयी या वृद्ध, कीर्तिमान साहित्यिकाला भेटण्यास गेली. पुढल्या वर्षी त्याने तिच्याशी रीतसर विवाह केला, तेव्हा संतापलेल्या लोकांनी त्यांच्या नावेवर विटा फेकल्या. १६४५ मध्ये नानकिंग मांचूंच्या हाती पडले. दोघांनी जलसमाधी घेऊ, असे तिने सुचवले आणि त्याने टाळले, अशी परंपरागत कथा आहे. छ्येन शरण गेला, हे मात्र इतिहास आहे. पुढे तो नोकरी सोडून परतला आणि पतिपत्नी मिळून मांचूविरोधी प्रतिकाराला गुप्तपणे मदत करीत राहिली. छ्येन वारल्यावर भाऊबंदांनी पैशासाठी छळ मांडला आणि तिने गळफास घेतला.

‘ल्यू रूश : पृथक् चरित्र’ हा सुमारे आठ लाख अक्षरांचा ग्रंथ चेन यांनी १९६४ पर्यंत जवळजवळ दहा वर्षे तोंडी सांगून पुरा केला. प्रारंभी त्याचे नाव छ्येन आणि ल्यू यांच्या अनुबंधातील कवितांचे विवरण अशा अर्थाचे होते. नाव बदलले, पण पद्धती तीच राहिली. तिला ‘कविता आणि इतिहास यांचे परस्परप्रमाण’ म्हणतात. ती थोडी उलगडून सांगणे आवश्यक आहे. अभिजात चिनी कवितेत संदर्भ दोन प्रकारचे असतात. एक जुना : कोणत्या प्राचीन ग्रंथातून शब्द आला. दुसरा आजचा : कवीच्या डोळ्यांपुढील कोणती घटना त्या जुन्या शब्दाच्या आड दडली आहे. टीकाकार पहिला सांगतात आणि थांबतात. छ्येनच्या कवितांवर त्याच्याच कुळातील छ्येन त्संग याची टीका आहे. तीही बहुधा जुने संदर्भ देते आणि आजच्या संदर्भांविषयी मौन पाळते, कारण ते उघड करण्यात जिवाचा धोका होता. पुढे १७६९ मध्ये छ्येनलुंग बादशहाने छ्येनचे सर्व लेखन निषिद्ध ठरवले. अशा स्थितीत आजचा संदर्भ शोधावयाचा कसा? चेन यांनी त्यासाठी कडक कसोट्या घातल्या : घटना कवितेच्या आधी घडलेली असली पाहिजे, आणि तिची वार्ता कवीपर्यंत पोहोचणे शक्य होते असे दाखवता आले पाहिजे. स्थळ, काळ आणि माणूस या तिन्हींची साखळी जुळल्याखेरीज अर्थ मान्य करावयाचा नाही. ल्यू रूशची आधीची नावे कोणती, एवढे ठरवण्यासाठी त्यांनी तिच्या मित्रकवींच्या ओळींत विखुरलेली अक्षरे टिपली आणि पानेच्या पाने खर्ची घातली. काही वाचकांना हा अतिरेक वाटतो. मलाही काही ठिकाणी वाटला. पण ज्या स्त्रीचे चरित्र कोणी लिहिलेच नाही, किंवा लिहिले ते चघळण्यापुरते, तिच्याविषयी एक नाव निश्चित करणे हेही न्यायदान असते, अशी चेन यांची भूमिका दिसते.

हे सारे दृष्टी नसताना घडले. मजकूर वाचून दाखवणे, उतारे शोधणे आणि सांगितलेले लिहून घेणे हे काम ह्वांग श्वेन या बाईंनी १९५२ पासून १९६६ पर्यंत केले. चेन रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या पुरावे जुळवीत आणि सकाळी बाई येताच विसरण्यापूर्वी सांगून टाकीत. १९६४ मध्ये त्यांनी बाईंच्या कामाविषयी अभिप्राय दिला, त्यात केवळ लेखनिकाचे नव्हे तर स्वतंत्र मत देणाऱ्या साहाय्यकाचे श्रेय त्यांना दिले आहे. लू यांनी ह्वांगबाईंना पुस्तकात दिलेली जागा हा त्यांच्या चरित्रदृष्टीचा सर्वांत चांगला पुरावा होय. आपल्याकडील विद्वच्चरित्रांत लेखनिक, पत्नी आणि ग्रंथपाल हे ऋणनिर्देशाच्या पलीकडे क्वचितच सरकतात.

आता मुख्य प्रश्न. राजवट बदलताना विद्वानांची निष्ठा, शरणागती आणि छुपा प्रतिकार हा ल्यू रूशच्या चरित्राचा विषय. मग तो चेन यांच्या स्वतःच्या काळावरील अभिप्राय समजावयाचा का? यु यिंगश या इतिहासकाराने १९५८ मध्येच हाँगकाँगमध्ये, चेन त्वानशंगवरील निबंधाच्या निमित्ताने, होकारार्थी उत्तर दिले आणि पुढे चेन यांच्या उत्तरकालीन कवितांचा उलगडा त्याच दिशेने केला. चेन यांनी छ्येनच्या कवितांवर जी पद्धती वापरली तीच येथे चेन यांच्यावर वापरली गेली. १९८० च्या दशकात यावर जोरदार वाद झाला. लू यांचा कल यु यांच्या बाजूचा आहे, परंतु त्यांचा भर कवितेपेक्षा कागदपत्रांवर आहे. माझ्या मते येथे चेन यांच्याच कसोट्या चेन यांच्या वाचकांनी पुरेशा कडकपणे पाळलेल्या नाहीत. एखाद्या कवीने जुन्या राजवंशाच्या पतनाविषयी हळवे लिहिले म्हणजे तो आजच्या राज्यकर्त्यांविषयीच बोलतो, असे गृहीत धरणे सोपे असते. १९५३ चे उत्तर निःसंदिग्ध आहे, म्हणून प्रत्येक कवितेत तेच उत्तर ऐकू येते. लू यांच्या पुस्तकातील भावविवश परिच्छेद, आणि असे परिच्छेद कमी नाहीत, याच ठिकाणी घसरतात. शिवाय चेन यांच्या ग्रंथांचे विवेचन त्यांनी इतके थोडके केले आहे, की हा माणूस नक्की कशासाठी स्वातंत्र्य मागत होता हे सामान्य वाचकाला कळणे कठीण व्हावे. स्वातंत्र्याची मागणी उरते आणि त्या स्वातंत्र्यात करावयाचे काम धूसर होते. १९९० च्या दशकात चीनमध्ये चेन यांच्याभोवती जे वलय निर्माण झाले, ते काही अंशी अशा वाचनातून. थोर विचारांच्या भाषणांना कंटाळलेल्या पिढीला एक कणखर, मितभाषी विद्वान हवा होता, आणि तो या पुस्तकाने दिला. त्याचे ग्रंथ उघडणारे थोडे. शिलालेखातील शब्द जपणारे पुष्कळ.

असे असले तरी या चरित्राचे मोल कमी होत नाही. विद्वानाच्या आयुष्यात काही घडत नाही, ही समजूत त्याने खोटी ठरवली आहे. एक अट घालणे, एक पद नाकारणे, एक वर्ग बंद करणे, एका गणिकेच्या नावाचा माग काढणे, या त्या आयुष्यातील घटना आहेत, आणि लू यांनी त्या तारीखवार मांडल्या आहेत.

शेवट सर्वांना ठाऊक आहे. १९६६ नंतर परिचारिका काढून घेतल्या गेल्या, घरावर भित्तिपत्रके चिकटली, खिडकीशी ध्वनिवर्धक लावले गेले. स्वतः थाव जू पदभ्रष्ट झाले होते. १९६९ मध्ये चेन यांना ते घर सोडावे लागले. ७ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले आणि पंचेचाळीस दिवसांनी पत्नी थांग युन याही गेल्या. शिष्य च्यांग थ्येनशू यांनी सिद्ध केलेल्या संग्रहात ‘ल्यू रूश’चे तीन खंड १९८० मध्ये शांघायला छापले गेले. १९६५ च्या उन्हाळ्यात चेन यांनी आत्मवृत्तही सांगावयास घेतले होते. आजोबांची सुभेदारी, १८९८ ची धामधूम, घराण्याचा ऱ्हास असा त्याचा विषय होता. इतरांच्या ओळींतून दुसऱ्यांची आयुष्ये जुळवणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या आठवणींचे हस्तलिखित सांस्कृतिक क्रांतीत बहुतांशी नष्ट झाले. हाती आहेत ती काही पाने.